डावा कोपरा, झिंडेलफिंगेन

माझ्या अमेरिकन फुटबॉलच्या कारकिर्दीला सुरुवात झाली ती जिना पुसताना. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, गुडघा कुरकुरायला लागला होता आणि अमेरिकन फुटबॉलबद्दल मला एवढीच माहिती होती की त्यातला चेंडू गोल नसतो.

झिंडेलफिंगेनमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीत केअरवोखं पाळतात. एक छोटी लाकडी पाटी असते. ती ज्याच्या दारावर लटकेल, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा. इथले लोक फडकं पिळून पिळून कोरडं करतात आणि मग पुसतात. मला ते कधीच पटलं नाही. मी इस्लामपूरचा. आमच्याकडे फरशी धुतात. बादलीभर पाणी ओतल्याशिवाय जिना स्वच्छ झाला असं माझं मन मानतच नाही. बायको दर वेळी सांगायची, "अरे, इथे असं पाणी ओतत नाहीत, कोणीतरी पडेल." त्या शनिवारी पडले.

पडले ते वरच्या मजल्यावरचे अमेरिकन आजोबा. तरुणपणी सैनिक म्हणून श्टुटगार्टजवळच्या अमेरिकन तळावर आले, इथल्याच एका बाईंशी लग्न केलं आणि राहिले. बाई जाऊन काही वर्षं झाली होती. आमची ओळख जिन्यातल्या 'मॉर्गन'पुरती, म्हणजे सकाळच्या नमस्कारापुरती. रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन ते दुकानाकडे निघाले होते. माझ्या शेजारून दोन पायऱ्या उतरले आणि तिसरीवर त्यांचा पाय सटकला.

शहाणा माणूस अशा वेळी समोरच्याचा हात धरतो. माझ्या हातांनी मला न विचारता त्यांचा घोटा धरला. दोन्ही हातांनी, छाती पायरीला टेकून. मी कबड्डीत डाव्या कोपऱ्यात खेळायचो. डाव्या कोपऱ्याचं काम एकच असतं : चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा आणि आभाळ कोसळलं तरी सोडायचा नाही. वीस वर्षांत हातांना असा घोटा मिळालाच नव्हता, त्यामुळे त्यांनी जरा जास्तच मनापासून धरला असावा. आजोबा पालथे, हनुवटी पायरीपासून वीतभर वर, आणि बाटल्या खडखडत तळघरापर्यंत गेल्या.

आजोबा उठले नाहीत. तसेच पालथे राहून त्यांनी विचारलं, "हे तू कुठे शिकलास?"

"एन्टशुल्डिगुंग," मी म्हटलं. जर्मनीत गोंधळ झाला की मी आधी माफी मागून टाकतो.

"ते राहू दे. पुन्हा एकदा धरून दाखव."

अशी माझी निवडचाचणी झाली. मी दोनदा त्यांना जिन्यात पाडलं, म्हणजे पडू दिलं नाही, आणि मग ते मला त्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. गेली कित्येक वर्षं ते पलीकडच्या गावातल्या फेराइनचे, म्हणजे क्लबचे, अमेरिकन फुटबॉलचे कोच होते. नोकऱ्या सांभाळून हौसेने खेळणाऱ्या पुरुषांचा संघ. जर्मनमध्ये आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो, तशी इथली रीतच आहे. पण मनातल्या मनात मी त्यांना कायम अहोच म्हणत आलोय.

त्यांची अडचण अशी होती. आदल्या वर्षी संघ खालच्या लीगमधून वर चढला होता. त्या आनंदात सगळे आपापल्या घरी गेले, आणि नऊ महिन्यांनी आनंदाची फळं घरोघरी दिसू लागली. निम्मा संघ एल्टर्नत्साइटवर. नवजात मुलांच्या बापांची ती हक्काची रजा. या बापांना बायका डायपर आणायला बाहेर सोडत होत्या, अंगावर माणसं घ्यायला नाही. मैदानात पुरेसे खेळाडू उतरले नाहीत तर लीग संघाचं नाव काढून टाकते. कोचना मूलबाळ नव्हतं. बाई गेल्यावर हा संघ तेवढा त्यांच्याकडे उरला होता.

"माझे वडीलही असेच आले," कोच कॉफी ओतत म्हणाले. "युद्धाच्या वर्षांत. धडधाकट माणसं सगळी लढायला गेली, व्यावसायिक संघांना खेळाडू मिळेनात. मग दिसेल त्याला घ्यायला लागले. वडिलांना चष्म्याशिवाय स्वतःचा हात दिसत नव्हता, म्हणून सैन्याने परत पाठवलं होतं. दिवसा डबाबंद फळांच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी सराव. जन्मभर सांगायचे, मी युद्धात खेळलो. ऐकणाऱ्याला वाटायचं, लढलो. कोणी बिअर पाजत असेल तर ते दुरुस्त करत नसत."

"पण आता कुठे युद्ध आहे?" मी विचारलं.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', कोच म्हणाले, "आमच्याकडे बाळं आहेत."

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते सांगायला हवं. माझी सगळी कबड्डी दुसऱ्यांच्या दुखण्यावर चालली. शाळेत मी संघात आलो कारण खऱ्या डाव्या कोपऱ्याला कांजिण्या आल्या. त्याचं अंग निवळलं आणि मी पुन्हा पाण्याच्या बाटल्यांपाशी. कॉलेजात एकाचा हात मोडला तेव्हा खेळलो, हात जुळेपर्यंत. जर्मनीतसुद्धा कंपनी दुसऱ्याच कोणाला पाठवणार होती. त्याच्या बायकोने थंडीचा फोटो बघून नकार दिला म्हणून मी आलो. कोणी वाईट वागलं असं नाही. पण कधीतरी, एकदा तरी, ज्याची जागा होती तो परत आल्यावरही कोणी मला 'तू थांब' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. जिन्यात घोटा धरल्यावर त्या आजोबांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं आजवर कुठल्याच निवड समितीने बघितलं नव्हतं.

घरी हे सांगितल्यावर बायको "विमा बघून घे आपला," एवढं म्हणाली. मुलगी पंधरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने मान हलवली आणि म्हणाली, "पाइनलिश." म्हणजे लाजिरवाणं. सासूबाई मात्र खूश झाल्या. त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि दुसऱ्या आठवड्यापासूनच कंटाळल्या होत्या. सासरे कबड्डीचे पंच होते. त्यांच्याबरोबर सासूबाईंनी जिल्ह्यातलं एकही मैदान सोडलं नव्हतं. सासऱ्यांनी मला जावई म्हणून पसंत केलं ते माझी पकड बघून, असं मी सांगतो. बायको सांगते, नोकरी बघून.

"कुठल्या जागेवर घेतलंय तुम्हाला, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो आई, बचावात. डाव्या बाजूलाच."

"मग काय, शिकायचं काहीच राहिलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

शिकायचं बरंच होतं, पण त्याआधी ते सामान अंगावर चढवायचं होतं. खांद्यांवर ती पत्र्यासारखी कवचं, डोक्यावर जाळीचं हेल्मेट, तोंडात दात सांभाळणारं रबर. पहिल्या दिवशी मी ते सगळं घालून घरी दाखवायला आलो आणि बैठकीच्या दारात अडकलो. तिरका होऊन आत यावं लागलं. सासूबाईंनी सगळीकडून बघितलं आणि म्हणाल्या, "थंडीसाठी असेल." मग त्या पाठीमागे आल्या. जर्सीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत आडनाव होतं, आणि ते माझं नव्हतं.

ते होतं बेकरीवाल्याचं. गावातल्या बेकरीत पहाटे ब्रेझल नावाचे गाठीचे पाव वळणारा एक दणकट गडी, संघाचा हुकमी माणूस. त्याला जुळं झालं होतं. त्याची जागा मला दिली, तशी जर्सीही दिली. संघातली पोरं मला 'एरझात्स' म्हणायची, म्हणजे बदली माल. प्रेमानेच म्हणायची. मी हसायचो, आणि हेल्मेट काढल्यावर हसू तसंच ठेवायला थोडे कष्ट पडायचे.

"लोकांच्या घराण्याचं नाव लावून का फिरताय?" सासूबाईंना ते अजिबात रुचलं नाही. "आपलं काय वाईट आहे?"

खेळ मला कोचनी जिन्यातच समजावला. समोरचे चेंडू घेऊन आपल्या टोकाकडे येतात, त्यांना पाडायचं. आपल्याकडे चेंडू आला की त्यांच्या टोकाकडे पळायचं. बाकीचे नियम रेफरी शिट्टी वाजवल्यावर सांगतो. मला पाडण्याचं काम मिळालं आणि ते मला येत होतं. इथली पोरं धावत येणाऱ्याच्या छातीवर जाऊन आदळायची, कारण त्यांची शरीरं तशी होती. माझं नव्हतं. मी बाजूला व्हायचो, वाकायचो आणि घोटा धरायचो. शंभर किलोचा माणूस घोट्याशी कोणी लोंबकळत असेल तर फार लांब जात नाही. दोन-तीन पावलं मला फरपटत न्यायचा आणि मग आम्ही दोघं आडवे. पहिल्या दोन सामन्यांत मी इतक्या जणांना असा लोंबकळलो की माझ्या हनुवटीवरची कातडी गेली. ऑफिसात विचारलं तर मी सांगायचो, बाल्कनीत पडलो.

तोंडात रबर असलं तरी मी 'कबड्डी कबड्डी' म्हणायचो. त्याशिवाय मला दम धरताच येत नाही. जाळीतून ती नुसती गुरगुर बाहेर पडायची. समोरच्या संघांत बातमी पसरली की डावीकडे एक काळा बुटका माणूस आहे, तो गुरगुरतो आणि पाय धरतो. हे ऐकून मला आयुष्यात पहिल्यांदा आपली कोणीतरी धास्ती घेतली असं वाटलं. कोच खूश होते. मी मनात धरून चाललो होतो की बेकरीवाल्याची जुळी दुपट्यातून बाहेर आली तरी माझी जागा पक्की.

मग घरच्या मैदानावरचा तो सामना आला. सासूबाई शाल पांघरून, स्टीलच्या डब्यात चिवडा घेऊन पुढच्याच बाकावर. शेजारी बायको आणि मुलगी. आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि खेळ संपत आला होता. समोरच्यांचा एक गडी चेंडू घेऊन निघाला, कोणीतरी त्याला धडकलं, आणि चेंडू उडून त्यांच्याच हद्दीत खोलवर माझ्या पायाशी येऊन थांबला. मी उचलला. मान वर केली तर चारी बाजूंनी त्यांची माणसं माझ्यावर येत होती.

आता हे ज्याने कबड्डी खेळली आहे त्यालाच कळेल. तुम्ही दुसऱ्याच्या हद्दीत खोल आहात. तोंडात कबड्डी कबड्डी चालू आहे. हाताला हवं ते लागलंय आणि सगळा संघ तुमच्यावर धावतोय. अशा वेळी जगात एकच दिशा असते. घरची.

मी वळलो आणि घराकडे सुटलो. असा मी कधीच पळालो नव्हतो. एकाला डावीकडून चुकवलं, एकाच्या हाताखालून निघालो, मैदानाच्या मधली रेघ ओलांडली आणि मनात म्हटलं, सुटलो. पण ती माणसं थांबेनात. मला वाटलं, यांना नियमच माहीत नाहीत. आमची पोरंही माझ्यामागे ओरडत पळत होती. मला वाटलं, आनंद झालाय. बाकांवरून मुलगी ओरडत होती, "फाल्श, पापा, फाल्श," म्हणजे चुकीचं, आणि त्याहून मोठा खणखणीत आवाज सासूबाईंचा येत होता, "या, या जावईबापू, घरी या." मी सासूबाईंचं ऐकलं. मोठ्यांचं ऐकावं असं मला लहानपणापासून शिकवलंय.

आमच्या टोकाच्या पट्ट्यात पोचल्यावर मी गुडघे टेकले, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि दम सोडला. रेफरीने दोन्ही हात डोक्यावर जोडले. मला वाटलं, नमस्कार करतोय. मीही केला. नंतर कळलं, त्या खुणेचा अर्थ असा की चेंडू घेऊन स्वतःच्याच टोकात पडल्याबद्दल समोरच्यांना दोन गुण. आम्ही एकाने पुढे होतो ते एकाने मागे झालो आणि सामना हरलो.

जर्मन माणूस फार रागावला की व्यवस्थित होतो. सगळ्यांनी आपापली हेल्मेटं नीट फळीवर लावली. घरी जाताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "चढाई तर उत्तम झाली, मग ही माणसं अशी सुतक्यासारखी का बसली होती?" मुलीने त्यांना जर्मनमध्ये समजावून सांगितलं. सासूबाईंना जर्मन येत नाही, पण मला येतं. तेवढा अर्धा तास मलाही येत नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात बाळं किटात, म्हणजे पाळणाघरात, जायला लागली आणि बाप परत आले. बेकरीवाला आला तो थोडा सुटलेला, डोळ्यांखाली काळं, पण खांदे तेच. मी जर्सी धुऊन, इस्त्री करून आणली होती. कोणी मागायच्या आत द्यावी म्हणून सरावाआधीच त्याच्या हातात ठेवली. त्याने वास घेतला आणि खूश होऊन म्हणाला, "एवढी स्वच्छ ती कधीच नव्हती." मी बरं म्हटलं आणि गाडीत जाऊन बसलो. चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. पुन्हा पाण्याच्या बाटल्यांपाशी आलो होतो. मला फार वाईट वाटत होतं आणि चाळिशीनंतर या कारणासाठी वाईट वाटून घ्यायची लाजही वाटत होती.

शेजारचं दार उघडून कोच आत बसले.

"माझ्या वडिलांनी एकदा रेफरीला पाडलं होतं," ते म्हणाले. "भर सामन्यात. चष्मा नव्हता. छान पाडलं होतं, सगळे सांगतात. तो बिचारा उठला आणि वडिलांनी त्याला हात देऊन विचारलं, चेंडू कुठाय?"

मी हसलो नाही. म्हणजे लगेच नाही हसलो.

"युद्ध संपल्यावर पोरं परत आली," कोच पुढे म्हणाले. "वडिलांनी कोणी सांगायच्या आत हेल्मेट आणून दिलं. तू आत्ता दिलीस तशी जर्सी. मग एका छोट्या गावातल्या शाळेने त्यांना कोच म्हणून बोलावलं. म्हातारे होईपर्यंत ते तिथेच होते. शाळेने त्यांना का घेतलं असेल?"

"का?"

"ठाऊक नाही. त्यांनाही कधी कळलं नाही. बहुतेक दुसरं कोणी मिळालं नसेल." कोचनी पट्टा लावला. "पण दुसऱ्या वर्षी त्यांनी वडिलांना परत बोलावलं. आणि तिसऱ्या. उद्यापासून पोरांना घोटे शिकव. माझे गुडघे आता जमिनीपर्यंत जात नाहीत."

मी विचारलं, "हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस का?"

"गेनाऊ," कोच म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "आता घरी चल. पाटी माझ्या दारावर आहे, जिना राहिलाय."

दुसऱ्या दिवसापासून मी बचावाचा मदतनीस झालो. सरावाच्या कोपऱ्यात मी चुन्याने कबड्डीचं मैदान आखलं. पहिल्या दिवशी ती अवाढव्य पोरं हात बांधून उभी राहिली. मी एकाला आत बोलावलं आणि म्हटलं, "मला हात लावून परत घरी जा." तो आला, मी त्याचा घोटा धरला, तो आडवा. दुसरा आला, आडवा. मग बेकरीवाला पुढे झाला. तो आला तसा परत गेला, आणि मी त्याच्या घोट्याऐवजी गवत धरून पडलो होतो. पीठ मळणाऱ्या माणसाचे पाय इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं. पंधरा दिवसांत तो असा चढाईपटू झाला की सासूबाई सरावाला येऊन बसायला लागल्या. त्या त्याला चिवडा द्यायच्या, तो त्यांना ब्रेझल द्यायचा. दोघंही एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलायची आणि कोणाचं काही अडलं नाही.

पोरांना सगळ्यात आवडली ती साखळी. बचाव करताना शेजाऱ्याचा हात धरायचा, म्हणजे चढाईपटूला मधून फट मिळत नाही. कोच म्हणाले, बचाव करणाऱ्यांनी एकमेकांचे हात धरायला बंदी असल्याचं त्यांच्या तरी ऐकिवात नाही. कोणी धरत नाही, एवढंच. पुढच्या सामन्यात आमची ती आडदांड माणसं बालवाडीच्या सहलीसारखी हातात हात घालून उभी राहिली. समोरचे इतके हसले की त्यांचा पहिला डाव तिथेच फसला. रेफरी बराच वेळ आपलं नियमांचं पुस्तक चाळत होता. मग त्याने खांदे उडवले.

तरीही सगळे मला एरझात्सच म्हणायचे. माझ्या जाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं. कोचसारखी शिट्टी नव्हती. मी आपला चुन्याच्या रेघा आखत राहिलो. पण लक्ष होतं माझं.

मोसमाचा शेवटचा सामना आला तेव्हा हिशेब साधा होता. जिंकलो तर लीगमध्ये राहणार, हरलो तर खाली. आणि फेराइनच्या लोकांनी कोचना सांगून ठेवलं होतं की खाली गेलो तर पुरुषांचा संघ बंद करून मैदान सरळ फुटबॉलवाल्यांना द्यायचं. म्हणजे गोल चेंडूवाल्यांना. कोचनी हे मला जिन्यात सांगितलं, मी पुसत असताना. "मग मी शनिवारी काय करू?" एवढंच त्यांनी विचारलं. मी पाणी कमी ओतलं.

त्या दिवशी शेवटाला आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. काही सेकंद उरले होते. चेंडू आमच्याकडे, पण अगदी आमच्याच टोकाशी, आणि डावाची आमची शेवटची संधी. अशा वेळी चेंडूला लाथ घालून तो लांब पाठवतात. आमचा लाथ मारणारा त्या दिवशी दोनदा अडवला गेला होता. तिसऱ्यांदा अडवला असता तर चेंडू तिथेच त्यांच्या हातात आणि सामना त्यांचा. कोचनी खेळ थांबवायची खूण केली. सगळे घोळक्यात आले. कोचनी चेंडूकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"हे तू सांग," ते मला म्हणाले. "या रस्त्यावर तुझ्याइतका अनुभव इथे कोणालाच नाही."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी मनात वजाबाकी केली, दोनदा केली, आणि बेकरीवाल्याला म्हटलं, "लाथ मारायची नाही. चेंडू तू घे. आणि घरी पळ."

"घरी म्हणजे?"

"मागे. आपल्याच टोकात. तिथे पळत राहा, चुकव, हात लावू देऊ नकोस. सेकंद संपू देत. मग धरलं तर धरू दे. त्यांना दोन गुण मिळतील. आपण तीनने पुढे आहोत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागच्या वेळी याच माणसाने उलटा पळून सामना घालवला होता, हे कोणीच विसरलं नव्हतं. एक पोरगा म्हणाला, "एरझात्स, विनोदाची ही वेळ नाही." मी कोचकडे बघितलं. ते बुटाची नाडी बांधत होते. मुद्दाम बांधत होते, नाडी सुटलेली नव्हतीच.

"कबड्डी म्हणत पळू?" बेकरीवाल्याने विचारलं.

"म्हण," मी म्हटलं. "दम पुरतो."

चेंडू त्याच्या हातात आला आणि तो वळला. समोरचे आधी थबकले, त्यांना वाटलं हा वेडा झाला. मग धावले. बेकरीवाला आमच्या टोकाच्या पट्ट्यात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, कधी वाकून, कधी उडी मारून. एकाचा हात त्याच्या घोट्याला लागला आणि मी स्वतःच किंचाळलो, कारण पकड चांगली होती. तो त्यातून पाय सोडवून निघाला. बाकांवरून आवाज येतच होता, "ये रे बाळा, ये, घरी ये," आणि आता मुलगीही आजीबरोबर ओरडत होती, "घरी, घरी," मराठीत. मी तिच्याकडे बघितलं तेवढ्यात भोंगा वाजला आणि चार जणांनी मिळून बेकरीवाल्याला झोपवलं. रेफरीने डोक्यावर हात जोडले. दोन गुण त्यांना. एका गुणाने आम्ही जिंकलो.

पुढचा बराच वेळ कोण कोणाच्या अंगावर होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्या अंगावर तिघं होते. सासूबाईंनी कोचच्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि तो रिकामा झाल्यावरच परत घेतला. त्यांचे डोळे तिखटाने भरून आले असं ते म्हणाले. चिवडा गोडसर होता.

सगळं शांत झाल्यावर मी आणि कोच बाकावर बसलो होतो. बेकरीवाला समोर येऊन उभा राहिला, हेल्मेट काखेत, मान खाली.

"कोच, एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

कोचनी मान वर केली. मीही केली. तो माझ्याकडे बघत होता.

कोचनी शांतपणे उरलेला चिवडा तोंडात टाकला आणि दुसरीकडे बघायला लागले.

"बोल," मी म्हटलं.

"पुढचा मोसम मला जमणार नाही. बायकोला पुन्हा दिवस गेलेत." त्याने पाठीवरून जर्सी ओढायला सुरुवात केली. "माझ्या जागी तू खेळशील ना? तुला येते ती जागा."

आयुष्यभर मी या प्रश्नाला हो म्हणत आलो होतो. या वेळी मी जर्सी घेतली, नीट घडी केली आणि मांडीवर ठेवली.

"मला नाही जमायचं," मी म्हटलं. "मी कोच आहे. तुझ्या जागी बघतो कोणीतरी."

आमच्या तिसऱ्या मजल्यावर नाशिकचं एक जोडपं नुकतंच राहायला आलंय. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण खांदे बरे आहेत आणि जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या उतरतो. या आठवड्यात पाटी माझ्या दारावर आहे. मी दोन बादल्या ओतल्यात. कोच वरच्या पायरीवर रिकाम्या बाटल्या घेऊन सटकायला तयार उभे आहेत, आणि आम्ही दोघं त्याचं दार उघडायची वाट बघतोय.